दरडोई की घरटी?

आमच्या मोहल्ल्यात लहानपणी नळ एकच होता. सकाळी साडेपाचला पाणी यायचं आणि सातच्या सुमारास जायचं. मधल्या दीड तासात तीस-बत्तीस घरांनी दिवसभराचं पाणी भरून घ्यायचं. नियम साधा होता. रांगेत हंडा ठेवायचा, पुढचा भरला की सरकायचं. एका पाळीला एक हंडा. कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही.

थोड्याच दिवसांत एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली. ज्या घरात सहा पोरं होती त्या घराचे सहा हंडे रांगेत असायचे. कोपऱ्यावर एकटी राहणाऱ्या खालाचा मात्र एकच. तिचा हंडा भरला की तिला पुन्हा शेवटी जाऊन उभं राहावं लागे, आणि तिची दुसरी पाळी येईपर्यंत नळ नुसता सूं सूं करू लागे. रांगेत कुणी लबाडी करत नव्हतं. प्रत्येक हंड्याला बरोबर न्याय मिळत होता, खालाला मिळत नव्हता. शेवटी वडीलधारी मंडळी बसली आणि नियम बदलला. पाळी हंड्याची नाही, घराची. एका घराचा एक हंडा भरला की पुढचं घर. घरात हंडे किती, तो त्या घराचा प्रश्न. मग ओरड सुरू झाली ती सहा पोरांच्या घरातून, पण ती वेगळी गोष्ट.

श्रोतेहो, हा नळ मला इतक्या वर्षांनी आठवला तो संगणकामुळे. मी बी.ए. झालेला, मराठी घेतलेला माणूस. संगणकाशी माझा संबंध कविता टाइप करण्यापुरता. पण गेल्या हिवाळ्यात एका रात्री असं काही घडलं, की त्या यंत्राच्या पोटातही हाच नळ आहे, हीच रांग आहे आणि हेच भांडण आहे, हे मला भाच्याकडून समजून घ्यावं लागलं.

झालं असं. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, चार दिवसांसाठी माझ्याकडे आली होती. आमच्या घरात जुन्या आठ कॅसेटी आहेत. त्यांत लग्नकार्यांतली, हळदीची गाणी आहेत आणि त्या गाण्यांत आमच्या अम्मीचा आवाज आहे. भाच्याने त्या कॅसेटी आधीच संगणकात उतरवून ठेवल्या होत्या, पण घरघर इतकी, की आवाज ओळखू येईना. ती घरघर काढायची होती. आपाची गाडी पहाटे पाचची. जाताना तिला हा आवाज सोबत न्यायचा होता.

त्याच संगणकावर माझं एक काम चार दिवसांपासून चालू होतं. आम्ही मित्र तरुणपणी एक अनियतकालिक चालवत असू. त्याच्या छापील अंकांची पानं स्कॅन केलेली होती आणि त्यांतली अक्षरं ओळखून संगणक मजकूर तयार करत होता. हे काम घाईचं नव्हतं. चाळीस वर्षं थांबलं, आणखी आठवडा थांबलं असतं.

भाचा म्हणाला, ‘मामू, तुमचं काम बंद करायची गरज नाही. मी त्याला एकदम मागे ढकलतो. कॅसेटींना सगळी ताकद मिळेल, उरलंसुरलं तुमच्या अंकांना.’ रात्री अकराला त्याने दोन्ही कामं लावली. संगणकाला चार कोअर, म्हणजे काम करणारे चार हात. एका वेळी चार कॅसेटी साफ व्हायच्या. चारांना अडीच तास, आठांना पाच. चारपर्यंत सगळं आटोपेल असा हिशेब होता.

पहाटे उठून पाहिलं तर चारच कॅसेटी झालेल्या. पुढच्या चार नुकत्या सुरू झाल्या होत्या, आणि अम्मीचा आवाज सातव्या कॅसेटीत. आपा काही बोलली नाही. तिने पिशवी उचलली. भाचा तिला स्टेशनवर सोडून आला आणि तडक संगणकासमोर बसला. ‘मी तर एकोणीस दिलं होतं,’ एवढंच तो पुन:पुन्हा म्हणत होता.

हे एकोणीस म्हणजे काय, तिथून सुरुवात करू.

संगणकात एका वेळी शेकडो कामं उभी असतात. घड्याळ चालवायचं आहे, पडदा रंगवायचा आहे, टपाल बघायचं आहे, कुणी गाणं लावलं आहे. हात मात्र चार किंवा आठ. तेव्हा प्रत्येक काम काही सहस्रांश सेकंद चालवायचं, थांबवायचं आणि दुसरं घ्यायचं, हा उद्योग यंत्र अखंड करत असतं. आपल्याला सगळं एकदम चाललंय असं वाटतं, ते या वेगामुळे. कुणाची पाळी पुढे, हे ठरवणाऱ्या भागाला शेड्युलर म्हणतात. तो संगणकाच्या मुख्य व्यवस्थेच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसलेला असतो. चालू प्रोग्रामला म्हणतात प्रोसेस. एका प्रोसेसच्या आत एकाच वेळी चालणारे अनेक प्रवाह असू शकतात. त्यांना थ्रेड, म्हणजे धागे, असं नाव आहे. भाच्याच्या संगणकावर लिनक्स आहे आणि लिनक्सचा शेड्युलर पाळी देतो ती धाग्याला.

प्रत्येक धाग्याच्या नावावर काही नोंदी असतात. तो कोणत्या नियमाने रांगेत उभा आहे आणि त्याचं महत्त्व किती, अशा. प्रोग्राम लिहिणारा या नोंदी विचारू शकतो आणि बदलूही शकतो. यांतली सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत गोड नोंद म्हणजे ‘नाइस’. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स या व्यवस्थेत ती १९७०च्या दशकातच आली. नाइस म्हणजे सौजन्य. जो जितका सौजन्यशील, तो तितका इतरांना पुढे जाऊ देणार. आकडा उणे वीसपासून एकोणीसपर्यंत. सामान्य माणसाचा शून्य. एकोणीस म्हणजे अगदी ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत दारातच उभा राहणारा. उणे वीस म्हणजे कोपराने वाट काढणारा.

या नोंदीबद्दलचा एक नियम ऐकून मी थोडा वेळ गप्पच बसलो. स्वत:चं सौजन्य वाढवायला, म्हणजे स्वत:ला मागे न्यायला, कुणाचीही परवानगी लागत नाही. परत पुढे यायचं म्हटलं तर मात्र यंत्राच्या मालकाचा अधिकार लागतो, किंवा त्याने आधीच तशी सवलत देऊन ठेवलेली असावी लागते. शून्यावरून दहावर तुम्ही आपखुशीने जाता, पण दहावरून शून्यावर परतायला सही लागते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता या आकड्याचं फळ किती? लिनक्समध्ये प्रत्येक आकड्याला एक वजन दिलेलं आहे. शून्याचं वजन १०२४. एकाचं ८२०. म्हणजे दर पायरीला साधारण सव्वा पटीचा फरक. शून्य आणि एक असे दोघे एकाच कोअरवर भिडले तर वेळ साधारण ५५ आणि ४५ अशी वाटली जाते. तळाच्या एकोणीसचं वजन फक्त १५ आणि उणे वीसचं ८८,७६१. भाच्याचा हिशेब यावरच होता. कॅसेटींचं वजन १०२४, माझ्या अंकांचं १५. शंभरातले साडेअठ्ठ्याण्णव हिस्से कॅसेटींना, दीड माझ्या अंकांना. प्रत्यक्षात मिळाले निम्मे-निम्मे.

तो म्हणाला, ‘आकडा विचारून बघतो.’ त्याने विचारलं. यंत्राने उत्तर दिलं : एकोणीस. म्हणजे आकडा लावलेला होता, वाचून बघितला तर तोच होता, आणि तरीही त्याचा उपयोग झालेला नव्हता.

इथे जरा थांबून विचारण्याची आणि लावण्याची रीत सांगतो, कारण तिच्यात गमती आहेत. विचारण्याची एक आज्ञा आहे, लावण्याची एक. दोन्हींत सांगावं लागतं की मी एका प्रोसेसबद्दल बोलतोय, प्रोसेसच्या एका गटाबद्दल, की एखाद्या वापरकर्त्याच्या सगळ्याच पसाऱ्याबद्दल. गटाला आकडा लावला तर तो गटातल्या प्रत्येकाला लागतो. इथवर सरळ आहे. पण गटाला विचारलं, ‘तुमचा आकडा किती?’ तर उत्तर एकच येतं, आणि ते गटात ज्याची वट सगळ्यांत जास्त त्याचं असतं. दहा जण एकोणीसवर गप्प बसलेले असतील आणि एक शून्यावर असेल, तर गटाचं उत्तर शून्य.

दुसरी गंमत उणे एकची. संगणकाच्या जगात अशा आज्ञांकडून उणे एक उत्तर आलं तर त्याचा अर्थ ‘काम बिघडलं’ असा घ्यायची पद्धत आहे. पण सौजन्याचा आकडा खरोखरच उणे एक असू शकतो! तेव्हा शहाणा प्रोग्रामर विचारण्याआधी चुकीच्या नोंदीची पाटी पुसून कोरी करतो, मग विचारतो, आणि उणे एक आलं तर पाटीवर काही उमटलंय का ते बघतो. उमटलं असेल तर बिघाड, नसेल तर ते खरंखुरं उत्तर.

तिसरी गोष्ट गंमतीची कमी आणि फसवी जास्त. युनिक्ससारख्या व्यवस्थांसाठी पोसिक्स नावाचं एक प्रमाण आहे. त्या प्रमाणानुसार सौजन्याचा आकडा सबंध प्रोसेसचा, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या धाग्यांना मिळून एक. लिनक्समध्ये मात्र तो प्रत्येक धाग्याचा वेगळा आहे. त्यामुळे आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला तुम्ही नुसतं तिचं नाव घेऊन एकोणीस लावलंत, तर तो तिच्या पहिल्या धाग्याला लागतो. आधीच कामाला लागलेले बाकीचे धागे जुन्याच आकड्यावर राहतात. नवा धागा निघतो तो ज्याने त्याला काढलं त्याचा आकडा घेऊन. म्हणून काम सुरू करतानाच आकडा लावावा, म्हणजे पुढची सगळी पिलावळ तोच घेऊन जन्मते. भाच्याने तसंच केलं होतं. चूक तिथे नव्हती.

चूक नळावर होती. हंडा की घर, या प्रश्नाचं उत्तर मधल्या काळात बदललं होतं.

हा प्रश्न संगणकवाल्यांना फार पूर्वीपासून छळत आला आहे. एकेका मोठ्या यंत्रावर अनेक जण बसून काम करत तेव्हा तो उघडच दिसे. सिडनी विद्यापीठातल्या ज्युडी के आणि पिअर्स लॉडर या दोघांनी जानेवारी १९८८मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात यावर एक लेख लिहिला. मुद्दा आमच्या खालाचाच होता. नेहमीचा शेड्युलर प्रोसेसला न्याय देतो, माणसाला नाही. जो जास्त प्रोसेस चालवील त्याला जास्त वाटा मिळतो. त्यांनी अशी व्यवस्था घडवली की वाटा वापरकर्त्याचा असेल, त्याच्या प्रोसेसचा नाही. शिवाय मागे कुणी किती वापरलं तेही लक्षात ठेवायचं आणि काळ जाईल तसं ते हळूहळू विसरायचं. विद्यार्थ्यांचं काम सादर करायची मुदत जवळ आली की यंत्रावर काय झुंबड उडत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

लिनक्समध्ये हा विचार शिरला तो २००७-०८मध्ये. ऑक्टोबर २००७मध्ये इंगो मोल्नार यांनी लिहिलेला नवा शेड्युलर कर्नलमध्ये आला. त्याच्या नावातच ‘पूर्ण न्यायी’ असा दावा होता. या दाव्यामागे एक माणूस होता, त्याचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कॉन कोलिवास. ऑस्ट्रेलियातला भूलतज्ज्ञ डॉक्टर. प्रोग्रामिंग हा त्याचा पेशा नव्हे. पण घरच्या संगणकावर माऊस अडखळतो, गाणं तुटतं, हे त्याला सहन होईना, म्हणून तो स्वत:च शेड्युलर लिहायला बसला. पाळी न्यायाने वाटली तर बाकीचे डावपेच लागतच नाहीत, हे त्याने करून दाखवलं. कर्नलमध्ये गेला तो मोल्नार यांचा शेड्युलर, कोलिवासचा नाही. पण त्याच्या कामाचं ऋण मोल्नार यांनी मोकळेपणाने मान्य केलं आहे.

या शेड्युलरची युक्ती किराणा दुकानातल्या वहीसारखी आहे. प्रत्येकाच्या खात्यावर त्याने किती वेळ घेतला ते मांडायचं आणि ज्याचं खातं सगळ्यांत कमी, त्याला पुढची पाळी द्यायची. ज्याचं वजन जास्त त्याच्या खात्यावर वेळ हळू चढतो, ज्याचं कमी त्याच्या खात्यावर भरभर. बस्स. ऑक्टोबर २०२३पासून लिनक्समध्ये या शेड्युलरची जागा एका नव्या पद्धतीने घेतली आहे. तिच्यात खात्याबरोबर ‘अमुक वेळेच्या आत’ अशी मुदतही बघतात, पण वजनं आणि खात्याची कल्पना कायम आहे.

लगेच पुढच्या आवृत्तीत, जानेवारी २००८मध्ये, गटाचं खातं आलं. शेड्युलरच्या मजकुरात सुरुवातीलाच नोंद आहे की ही गटांची भर श्रीवत्स वद्दगिरी यांची, आयबीएम कंपनी, २००७. एक आपल्याकडचं नाव तिथे बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? कल्पना अशी की वहीत व्यक्तींऐवजी घरांची खाती मांडायची. कोणत्या घराची पाळी ते वरच्या वहीतून ठरेल. मग त्या घराची स्वत:ची वही उघडायची आणि घरातल्या कुणाची पाळी ते तिथे ठरेल. घरात पुन्हा बिऱ्हाडं असतील तर त्यांचीही वही. वाडा, बिऱ्हाड, माणूस अशी उतरंड हवी तितकी खोल नेता येते.

गट कसे पाडायचे? सुरुवातीला एक पर्याय वापरकर्त्यानुसार पाडण्याचा होता, सिडनीसारखा. पण घरच्या संगणकावर वापरणारा एकच असतो. सगळं काम त्याचंच. मग गट पडणार कसे? हा पर्याय पुढे काढूनही टाकला. नोव्हेंबर २०१०मध्ये माइक गॅलब्रेथ यांनी एक छोटी, दोनशेच्या आसपास ओळींची भर सुचवली. तुम्ही टर्मिनल नावाची ती काळी खिडकी उघडता आणि तिच्यात कामं लावता. अशी एक खिडकी म्हणजे एक सेशन, एक बैठक. प्रत्येक बैठकीचा आपोआप एक गट करायचा. ना कुणी काही लावायचं, ना विचारायचं. मार्च २०११च्या आवृत्तीत ही सोय आली. तिला ऑटोग्रुप म्हणतात.

त्यावर त्या वेळी वाद झाला. काहींचं म्हणणं पडलं की हेच काम कर्नलच्या बाहेरून चार ओळींत करता येतं, गाभ्यात कशाला घालता? लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी गॅलब्रेथ यांची बाजू घेतली. सामान्य माणसाने काहीही न करता त्याला फरक जाणवला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. मला ती पटते. एका खिडकीत दहा कामं जोरात चालली आहेत आणि दुसरीत एकच, तर जुन्या पद्धतीने त्या एकट्याला अकरावा हिस्सा मिळाला असता, नव्या पद्धतीने अर्धा मिळतो. खालाचा हंडा भरतो.

पण न विचारता घरं पाडली की काय होतं, ते आमच्या घरी त्या रात्री झालं. भाच्याने एका खिडकीत माझे अंक लावले होते, दुसरीत कॅसेटी. म्हणजे नकळत दोन घरं झाली होती. सौजन्याचा एकोणीस हा आकडा माझ्या अंकांच्या धाग्यांना लागला तो त्यांच्या घरापुरता. घरात सगळेच एकोणीसवर! जो तो दुसऱ्याला ‘आधी तुम्ही’ म्हणतोय, आणि बाहेर नळावर घराचा वाटा मात्र पुरा अर्धा. ऑटोग्रुप चालू असताना एका बैठकीतला सौजन्याचा आकडा दुसऱ्या बैठकीतल्या कामाशी तोलला जात नाही. हे लिनक्सच्या माहितीपत्रात स्वच्छ लिहिलेलं आहे. भाच्याने पूर्वी कधीतरी वाचलंही असेल. पण हाताला जुनी सवय. आकडा लावायची आज्ञा तीच, विचारायची आज्ञा तीच, उत्तरही तेच. फक्त त्या आकड्याची हद्द आक्रसली होती, आणि आज्ञा ते सांगत नाही.

गटाला स्वत:चा वेगळा आकडा असतो. तो विचारायची जागाही वेगळी. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाच्या कप्प्यात प्रत्येक प्रोसेसच्या नावे एक खण आहे. त्यात ‘ऑटोग्रुप’ नावाची फाइल उघडली की ती प्रोसेस कुठल्या गटात आहे आणि त्या गटाचं सौजन्य किती ते दिसतं. त्याच फाइलमध्ये नवा आकडा लिहिला की तो सबंध गटाला लागतो. भाच्याने उघडून दाखवलं. धाग्याचा आकडा एकोणीस, गटाचा शून्य. दोन्ही खरे.

गट हा शब्द इथे निरनिराळ्या अर्थांनी येतो, आणि माझ्यासारख्याचा गोंधळ तिथेच होतो. एका प्रोसेसमधले सगळे धागे हा एक गट. एकत्र सुरू केलेल्या प्रोसेस हा दुसरा, ज्याला विचारलं तर वटवाला उत्तर देतो. आणि पाळी वाटण्यासाठी पाडलेला हा तिसरा. हा तिसरा प्रकार आज मोठमोठ्या यंत्रांवर सर्रास वापरतात, फक्त आपोआप नव्हे, ठरवून. त्या व्यवस्थेला सीग्रुप म्हणतात. तिच्यात गटाचं वजन एकपासून दहा हजारपर्यंत लावता येतं. काहीच लावलं नाही तर शंभर. तुम्ही बँकेचं किंवा रेल्वेच्या तिकिटाचं पान उघडता तेव्हा पलीकडच्या एकाच यंत्रावर अनेक सेवा शेजारी-शेजारी नांदत असतात. एकीने दुसरीचं पाणी पळवू नये म्हणून अशा वजनांचा बंदोबस्त करता येतो. आणि एखादं घर नळावर आलंच नाही तर त्याचा वाटा वाया जात नाही, बाकीच्यांना मिळतो. वजन कामाला येतं ते सगळे तहानलेले असतात तेव्हाच. वजनाखेरीज वरची मर्यादाही घालता येते. ती घातली असेल तर मात्र पाणी वाहून गेलं तरी जास्तीचा हंडा मिळत नाही.

मी भाच्याला विचारलं, ‘मग घरटी हाच खरा न्याय म्हणायचा का?’ तो म्हणाला, ‘मामू, ते यंत्र कसं सांगेल?’ बरोबर आहे. रेशनच्या दुकानाचंच घ्या. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबांना धान्य दरडोई आहे, माणशी महिन्याला पाच किलो. त्याच कायद्यात अंत्योदय कुटुंबांना ते घरटी आहे, एका घराला पस्तीस किलो. सात माणसांच्या घरात दोन्ही हिशेब सारखेच पडतात. दोघांच्या घराला घरटी वाटा फायद्याचा, दहांच्या घराला दरडोई. एकाच कायद्याने, एकाच दुकानात, दोन्ही मापं ठेवली आहेत, आणि कार्डाचा प्रकार बघितल्याशिवाय कुणाच्या पिशवीत किती पडणार हे कळत नाही. भाच्याने त्या रात्री आकडा विचारला, पण कार्ड बघितलं नाही.

त्या सहा पोरांच्या घराची ओरडही आता मला पूर्वीइतकी खोटी वाटत नाही. नऊ माणसांना एकटीइतकंच पाणी, हा काय न्याय? आमच्या वडीलधाऱ्यांनी पुढे त्या घराला एका पाळीला दोन हंडे दिले होते. म्हणजे वजन बदललं होतं. सीग्रुप हा शब्द त्यांनी ऐकलेला असायचं काही कारण नव्हतं.

भाच्याने त्या सकाळी अंकांच्या गटाच्या फाइलमध्ये एकोणीस लिहिलं. मग दोन्ही ठिकाणी विचारून बघितलं, धाग्यालाही आणि गटालाही, आणि तेवढ्याने समाधान न होता कुठलं काम खरोखर किती वेळ खातंय तेही पडद्यावर लावून ठेवलं. अंकांचं काम जवळजवळ थिजलं. आठच्या आत उरलेल्या चार कॅसेटी झाल्या. सातवी त्याने फोनवरून आपाला पाठवली, ती गाडीतच होती.

दुपारी तिचा फोन आला. तिने गाणं दोनदा ऐकलं होतं. घरघर गेली, पण काही कापलं तर नाही ना, याची तिला काळजी. ‘मधेच गाणं थांबवून अम्मी कुणाला तरी नळावर जायला सांगते,’ ती म्हणाली, ‘ते ठेवलंय ना रे? मला नीट ऐकू आलं नाही.’ मी पुन्हा लावून ऐकलं. ठेवलं होतं.